लोकरीची टोपी आणि ओल्या चिठ्ठ्या

२ जुलै. वीज होती तोवर खाकी पँटला इस्त्री मारून घ्यावी म्हणून मी चहा अर्धा सोडला होता. शर्ट झाला, पट्ट्याचं पितळ चिंचेनं घासून झालं, आणि आता मी लोकरीच्या टोपीवरचे मांजराचे केस वेचत बसले होते. शेजारी पलंगावर लेकीनं आणून दिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या झेरॉक्स पसरल्या होत्या. त्या दिवशी जालन्याला आमचं उजळणी शिबिर होतं आणि दुपारच्या जेवणानंतर भाषण माझं होतं. विषय काय, तर इंग्रजांच्या अमलातल्या पॅलेस्टाइनमधलं ज्यू लोकांचं सहायक पोलीस दल.

अंबडला पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाईनं या विषयात का पडावं, ते सांगते. पण आधी आमचं काम समजून घ्या.

मी होमगार्ड आहे. पोलीस नाही. हा फरक जनतेला कळत नाही आणि पोलिसांना फार चांगला कळतो. गणपती, निवडणूक, जत्रा, मोर्चा, परीक्षा, जिथं पोलीस कमी पडतात तिथं आम्हाला बोलावणं येतं. काम संपलं की आम्ही आपापल्या घरी, मी माझ्या गिरणीवर. हत्यार म्हणजे काठी, शिट्टी आणि तोंड. त्यातलं तिसरंच जास्त चालतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक भेटतात. एका जत्रेत मी हरवले-सापडले मंडपात होते. एक म्हातारी बाई चुकामूक होऊन आली. तिच्या सुनेच्या नावाचा पुकारा करून करून माइकवाल्याचा घसा बसला. शेवटी मी तिला शोधायला निघाले, तर सून मंडपाच्या मागेच जिलेबी खात बसलेली. म्हणाली, "ऐकू येऊन राह्यलं ना ताई. अजून थोडा वेळ ठेवा त्यांना. वर्षातून एकदाच हरवत्यात." मी परत जाऊन म्हातारीला चहा पाजला आणि पुकारा चालू ठेवला.

निवडणुकीत एक आजोबा बटणापर्यंत मला हाताला धरून ओढायला लागले. "तूच दाब बाई. सरकारची हाय ना तू? सरकारला म्हाईत असंल कोणाला द्यायचं ते."

तर काम असं. त्यातली खरी गोची अशी, की पोलीस बदलून येतो आणि बदलून जातो, होमगार्ड मात्र त्याच मातीतला असतो. आम्ही काठी उगारायच्या आत समोरच्याचं नातं निघतं. "तू अमक्याची लेक ना गं?" असं कोणी म्हटलं की काठी आपोआप खाली येते. वर्दी सरकारची, माणसं घरची. वर हुकूम देणारा एक आणि रात्री जेवायला वाढणारा दुसरा.

या गोचीचं नाव माझ्या पथकात सुनीता.

सुनीता तिशीच्या आतली, दणकट, आवाजानं खणखणीत. माहेर लांब परभणीकडं. सासर अंबडपासून एसटीनं जवळ, गावाचं नाव मी लिहीत नाही, ते लोक दिवाळी अंक वाचतात. मार्चमध्ये दहावीची परीक्षा लागली आणि तिची नेमणूक नेमकी सासरच्याच गावातल्या केंद्रावर झाली. नेमणूक करणाऱ्यानं सोय बघितली असणार, घराजवळ आहे, जाण्यायेण्याचा खर्च नको. असली सोय आम्हालाच सुचते. ज्या गावात कॉपी थांबवायची त्याच गावची सून दारात उभी करायची.

तिचा धाकटा दीर विष्णू आत परीक्षेला बसलेला.

मी पलटण नायक, म्हणजे माझ्या हाताखाली थोडी माणसं आणि डोक्यावर भरपूर. भूगोलाच्या पेपरला मी फेरीवर त्या केंद्रावर गेले. शाळेच्या भिंतीला गावाचा वेढा पडलेला. मामे, काके, मोठे भाऊ, खिशात फाडलेल्या गाइडची पानं. आत जाणाऱ्या पोरांत दोन वेण्या घातलेली एक मुलगी होती, तिच्याबरोबर कोणीच नव्हतं. तिनं भिंतीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मॅडम, तुमी कुणाच्या?"

मी म्हणाले, "सरकारच्या."

"मंग ते?" तिनं भिंतीकडं बोट केलं.

पेपरची घंटा झाली म्हणून मी वाचले.

अर्धा पेपर झाला असेल नसेल, मागच्या बाजूनं शिट्टी वाजली. अशी वाजली की आख्खी शाळा हादरली. मी, हवालदार, केंद्रसंचालक, सगळे पळालो. बघतो तर शाळेला लागून असलेल्या कडुलिंबाच्या झाडावर धोतर नेसलेले एक वयस्कर गृहस्थ, एका हातानं फांदी धरलेली, दुसऱ्या हातात गाइडची पानं. खाली सुनीता, कंबरेवर हात.

"मामा, उतरा खाली!"

ते तिचे सासरे होते, काशिनाथराव.

"सूनबाई, लोक बघून राह्यले," फांदीवरनं दबक्या आवाजात उत्तर आलं.

"म्हणूनच म्हणते, उतरा. आन् धोतर सांभाळा."

भिंतीला लागलेला सगळा गाव झाडाखाली जमला. गुरुजी खिडक्यांतून डोकावायला लागले. काशिनाथराव चढताना कोणाच्या तरी खांद्यावरून चढले होते आणि तो खांदा आता पसार झाला होता. त्यांना उतरवायला शिडी आणावी लागली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट बातमी, 'कर्तव्यदक्ष सून'. काशिनाथराव पुढं महिनाभर पारावर गेले नाहीत.

इथं संपलं असतं तर सुनीताला शाबासकी मिळाली असती. पण त्याच दुपारी भरारी पथक आलं, आणि वर्गात बाकाखाली चिठ्ठ्यांचा सडा. मालक कोणीच कबूल होईना. मुख्य म्हणजे चिठ्ठ्या ओल्या होत्या.

भिंतीवरून, झाडावरून आलेल्या चिठ्ठ्या ओल्या कशा असतील? मार्च महिना, वर कडक ऊन.

विष्णूला त्याचा फायदा झाला नाही हे सांगून टाकते. त्याच्या चिठ्ठीतली शाई पसरली होती. त्यानं पसरलेलं जसंच्या तसं उतरवलं आणि भूगोलात नापास झाला. पण जिल्ह्याच्या कार्यालयातल्या आमच्या मोठ्या साहेबांच्या डोक्यात ओली चिठ्ठी रुतून बसली. आमची नेमणूक काही वर्षांची असते, मुदत संपली की नवी करून घ्यावी लागते. सुनीताची मुदत नेमकी संपत आलेली. साहेबांनी तिचा कागद अडवला आणि मला म्हणाले, "पेपरात फोटो येतो आन् वर्गात चिठ्ठ्या बी येतात. तुमची सुनीता नेमकी कुणीकडची? तुमचा अभिप्राय द्या, मंग बघू."

सुनीताला या वर्दीशिवाय त्या घरातून एकटीनं बाहेर पडायला दुसरं कारण नव्हतं. ते तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. न सांगताही कळण्यासारखं होतं.

आता भाषण. उजळणी शिबिरात जेवणानंतर 'आपल्या दलाचा इतिहास' असा तास असतो. त्यात सगळे झोपतात, बोलणाराही. या वर्षी साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही वाचता. जगातल्या कुठल्या तरी सहायक पोलिसांचा इतिहास सांगा. निदान मी तरी जागा राहीन." माझी लेक इतिहासात एम.ए. करते. तिच्या परीक्षेला जे होतं तेच तिनं मला दिलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन, गिरणीच्या आवाजात, मी ते वाचत गेले. आणि निम्म्यावर आल्यावर गिरणी बंद करून पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

दुपारी पुरी-भाजी खाऊन सगळे सतरंजीवर बसले. पहिल्या रांगेत खुर्चीवर साहेब. तिसऱ्या रांगेत सुनीता, सतरंजीचे दोरे उपटत. मी सुरुवात केली.

कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनिवार तेल्यांमुळं ज्यू लोक आपल्याला अगदी परके नाहीत, म्हटलं. पहिल्या महायुद्धानंतर पॅलेस्टाइन इंग्रजांच्या हातात आलं. युरोपातून ज्यू लोक येऊन तिथं वसाहती करत होते, आणि अरब गावं पिढ्यान् पिढ्या तिथंच होती. जमीन कुणाची आणि राज्य कुणाचं, हे भांडण पेटलं. १९३६ साली अरबांनी इंग्रजांविरुद्ध आणि या वसाहतींविरुद्ध उठाव केला. इंग्रजांचे पोलीस कमी पडले. पोलीस कमी पडले की काय करतात?

"होमगार्ड बोलावतात!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा झाला.

बराबर. इंग्रजांनी वसाहतीतल्याच ज्यू तरुणांना जादा शिपाई म्हणून भरती केलं. खाकी दिली, बंदूक दिली, शपथ दिली. त्यांच्या भाषेत त्यांना नोत्रिम म्हणायचे, म्हणजे राखणदार. डोक्यावर उंच, काळी, लोकरीची टोपी. त्या देशातल्या उन्हाळ्यात. इथं मी माझी टोपी काढून दाखवली. सगळ्यांनी आपापलं डोकं खाजवलं. जगात सहायक पोलीस कुठलाही असो, उन्हाळ्यात लोकर त्याच्याच नशिबी.

पगाराचा काही भार सरकारवर, काही त्यांच्याच समाजाच्या संस्थांवर. दिवसा इंग्रज सार्जंट कवायत शिकवायचा. पण यातले पुष्कळ जण आधीच आपल्या समाजाच्या गुप्त सेनेत होते. तिचं नाव हागाना. सार्जंटनं सकाळी जे शिकवलं ते संध्याकाळी हे लोक कोठारात आपल्या पोरांना शिकवायचे. गणवेश राजाचा, गावकी आपली.

साहेबांचे डोळे मिटायला आले होते. आता पुढची गोष्ट आली आणि माझी जीभ जरा अडली. कारण पुढं युक्ती होती, आणि ती वाचतानाच मी गिरणी बंद केली होती. ती सांगावी तर साहेब समोर. गाळावी तर सगळा इतिहासच पोकळ. सुनीतानं दोरे उपटणं थांबवून माझ्याकडं बघितलं.

मी सांगितली. या राखणदारांना परवान्याच्या थोड्या बंदुका असायच्या. बिनपरवान्याच्या बंदुका वसाहतीत जमिनीखाली पुरलेल्या असायच्या. तपासणीला साहेब आला की परवान्याच्या बंदुका तेल लावून ओळीनं मांडायच्या, कडक सलाम ठोकायचा, चहा द्यायचा. साहेब चकचकीत बंदुका बघून खूश. जे दाखवायचं ते एवढं झळकवायचं, की दुसरीकडं बघायची कोणाला आठवणच होऊ नये.

साहेबांचे डोळे उघडले.

"थांबा, थांबा. मंग त्या इंग्रज साहेबाला कळलं न्हाई?"

"पुष्कळदा कळत होतं साहेब. पण त्याला माणसं पाहिजे होती. म्हणून तो चहा पिऊन जायचा. पुढं गरज संपल्यावर त्याच वसाहतींची झडती घेतली, लोकांना आत टाकलं."

"हुशार लोक," मागून एक जण म्हणाला.

"हुशार होतेच," मी म्हणाले. "पण शेजारच्या अरब गावातल्या माणसाच्या जागी बसून बघा. भांडण ज्याच्याशी, तोच खाकी घालून पोलीस म्हणून दारात. तक्रार कोणाकडं करायची? त्यानं विचारलं असेल, की बाबा, तू कुणाचा? आपल्यालाही विचारतात. मला मार्चमध्ये एका पोरीनं विचारलं."

 साहेब खुर्चीत पुढं सरकले. खिडकीबाहेर झाड होतं, त्याकडं त्यांनी जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, "बाई, त्या ओल्या चिठ्ठ्यांचं पुढं काय झालं?"

 सुनीताचं तोंड उतरलेलं.

"उद्या सकाळी कळंल साहेब," मी म्हणाले. "पुरवणी परीक्षेचं केंद्र यंदा त्याच शाळेत आहे. उद्या भूगोल. मला तिथं टाका. सुनीताला बदनापूरला पाठवा, तिथं तिचं कोणी नातं काढणार नाही."

"आन् तुमचा अभिप्राय?"

"तोही उद्याच."

संध्याकाळी जालन्याच्या बसस्टँडवर सुनीता माझ्याशेजारी बसली.  मी शेंगा घेतल्या, तिच्या ओंजळीत निम्म्या ओतल्या.

"ताई, तुमी मुद्दाम सांगितली ना ती बंदुकीची गोष्ट?"

"पुस्तकात होती."

"मी शिट्टी फुकली तवा मला फक्त मामा दिसत व्हते. बिलकुल खरं."

"आणि घागर?"

तिनं शेंग फोडली, दाणे खाल्ले नाहीत. तिची सासू गयाबाई त्या शाळेत परीक्षेच्या दिवसांत पाणी वाटते. वर्षानुवर्षं. मार्चच्या फेरीत मीही बघितलं होतं. डोक्यावर कापडाची चुंबळ, चुंबळीवर घागर, हातात ग्लास. साठीच्या बाईच्या डोक्यावरचं पाणी उतरवून तपासायची छाती कोणाची?

"चुंबळ जाड हाय, एवढं दिसलं मला," सुनीता म्हणाली. "पण दोघांना कसं धरू ताई? मामांना झाडावरून उतरवलं, आन् आत्याबाईला बी दारात धरलं, तर रात्री भाकर कोणाच्या तव्यावर टाकू? एकाला धरलं, एकीला सोडलं. वर्दीचं बी झालं, घराचं बी झालं. हिसाब बराबर."

"आणि त्या दोन वेण्यांच्या पोरीचा हिसाब?"

तिनं हातातली फोलपटं झटकली. मग म्हणाली, "तिची सासू न्हाई ना त्या गावात."

मला हसू आलं ते मी शेंगेबरोबर गिळलं. गाडी लागली. चढताना ती म्हणाली, "काढून टाकणार का मला?"

"बदनापूरची पहिली गाडी चुकवू नको," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या फाटकात उभी राहिले. टोपी घातली, डोकं खाजायला लागलं. पोरं आत गेली, विष्णूही गेला, माझ्याकडं न बघता. काशिनाथराव झाडापासून चांगले लांब, पानटपरीवर उभे. शहाणा माणूस. पेपर सुरू झाल्यावर गयाबाई आली. भरलेली घागर, ताठ मान, चाल अशी की पाण्याचा थेंब सांडत नव्हता.

ती फाटकापाशी पोचली आणि मागून आरोळी उठली.

"साप! साप! लिंबाखाली साप!"

आवाज काशिनाथरावांचाच होता. हवालदार पळाला. शिपाई पळाला. भिंतीवरचे सगळे तिकडं पळाले. पळाले नाही ती मी. मी गयाबाईच्या समोर उभी राहून तिच्या डोक्याकडं बघत होते.

"मावशी, चुंबळ."

"अगं बया, साप निघाला तिकडं. तुमी न्हाई पळाल्या?"

"न्हाई. मी इतिहास वाचलाय."

तिनं मला खालून वर बघितलं. मग बाजारात भाव न पटलेल्या बाईसारखा निःश्वास सोडून घागर फाटकाच्या ओट्यावर ठेवली आणि चुंबळ माझ्या हातात दिली. जुन्या लुगड्याची, ओलसर, आतून कडक. भूगोलाचं आख्खं पुस्तक असावं. पाणी वाटताना चिठ्ठी ग्लासाच्या बुडाखाली धरायची आणि ग्लासासकट पोराच्या हातात द्यायची, एवढं सोपं होतं. म्हणून ओल्या.

"सुनेनं सांगितलं ना तुमाला?" तिचा आवाज बदलला.

"तिनं सांगितलं असतं तर तुम्ही मार्चमध्येच सापडला असता. साहेबांपुढं तुमचं नाव तिनं काढलं नाही."

गयाबाईनं ओट्यावरच्या घागरीकडं बघितलं. झाडाखाली लोक काठ्यांनी गवत झोडपत होते. मग तिच्यातली पाणीवाली जागी झाली. "मंग आता घागर काय टकुऱ्यावर ठिवू? पोरं तहानली असतील. उघड्या डोक्यावर पितळ टोचतं."

चुंबळ तर मी देणार नव्हते. मी टोपी काढली, दोन घड्या घालून तिच्या डोक्यावर ठेवली आणि घागर उचलून वर चढवली. लोकर चांगली जाड, घागर नीट बसली. गयाबाई माझ्या वर्दीवरची घागर घेऊन वर्गाकडं गेली. ती परत येईपर्यंत मी चुंबळ शाळेच्या हौदात बुडवून पिळली. कागदाचा लगदा हातात आला. झाडाखाली साप सापडला नव्हता, आणि काशिनाथराव तो केवढा होता हे हात पसरून सांगत होते.

टोपी चिंब होऊन परत आली. ती तशीच डोक्यावर घातली, पहिल्यांदाच डोकं खाजलं नाही. मग ओट्यावर बसून सुनीताचा अभिप्राय लिहिला. 'कामात चोख. मुदत वाढवावी. सासरच्या गावात नेमू नये.'